दंडाविरुद्ध बोलले आणि मामांना पटलं

मंडळी, आज बर्मिंगहॅमच्या आमच्या बुद्धविहारात मी वादविवाद स्पर्धा जिंकले आणि लगेच अडचणीत आले.

विषय होता, भारतात आरोग्य विमा सक्तीचा करावा आणि न घेणाऱ्याला दंड व्हावा का? माझं मत ठाम ‘हो’. पण आमच्याकडे बाजू चिठ्ठी टाकून ठरते, आणि मला आली विरोधाची. मग मनापासून लढले. म्हटलं, लोकांना धमकावू नका, शेजारी बसून समजावा. काय टाळ्या पडल्या!

आई हे सगळं व्हिडिओ कॉलवर नागपूरच्या मामांना दाखवत होती. मामांना मधुमेह आहे, आणि विमा घ्या म्हणून मी वर्षभर त्यांच्या मागे लागले आहे.

“पोरी, पटलं बघ,” मामा खुशीत म्हणाले. “घरात पदवी घेतलेली तू एकटी. तूच म्हणतेस सक्ती नको, मग विषय संपला.”

“मामा, ते चिठ्ठीत आलं म्हणून बोलले हो.”

“आणि शेजारी बसून समजावा, तेही चिठ्ठीतलंच का? मला तर तू नुसत्या लिंक पाठवतेस.”

फोन स्पीकरवर होता, सगळा हॉल हसला, मीसुद्धा. मग मी लिंक न पाठवता व्हिडिओ कॉलवर समोर बसून समजवायचं कबूल केलं, आणि उद्या सकाळी मामा माझं ऐकायला निवांत बसणार आहेत. तुम्ही घरात कुणाला विमा पटवलाय का? सुरुवात कशी केलीत?