एका वाक्यासाठी ज्युनिपर

लोन पाइन गावाबाहेरच्या खडकांत काउबॉयपट काढणारे सिनेमावाले उतरायचे आणि आमचं गाव त्यांच्यावर जगायचं. लिओटा हॅस्केट त्यांना घोडे भाड्याने द्यायची. तिचा तबेला माझ्या घराला लागूनच. तिला मूलबाळ नव्हतं. ज्युनिपर नावाच्या तांबड्या घोडीला तिने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

त्या वर्षीच्या गाण्यांच्या सिनेमात खलनायकाचा घोडा भरधाव धावताना कोसळायला हवा होता. त्यासाठी पुढच्या पायांना तार बांधायची, दुसरं टोक जमिनीत पक्कं करायचं. तार ताणली की घोडा तोंडावर.

लिओटाने साफ सांगितलं, "पाडायला माझं जनावर मिळणार नाही."

तिचा नवरा एमेट दिसायला देखणा. पडद्यावर एकदा तरी बोलायला मिळावं म्हणून सिनेमा कंपनीच्या मागेमागे हिंडायचा. लिओटा बिशप गावाला दाणा आणायला गेली, तेव्हा कंपनीचा माणूस त्याला म्हणाला, "घोडी दे, सिनेमात एक वाक्य तुझं."

लिओटा परतली तर ज्युनिपरचं ठाण रिकामं.

"कुठाय ती?"

"पाय मोडला गं तिचा. गोळी घालावी लागली."

"तू त्यांना दिलीस तिला?"

"मला वाक्य मिळालंय, लिओटा! 'शेरिफ, ते खिंडीकडे गेले!'"

ती उरलेल्या घोड्यांना चारा घालायला गेली.

सिनेमा आला तेव्हा सगळं गाव लोटलं. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर तांबडी ज्युनिपर करड्या रंगाची दिसत होती. ती धावली, कोसळली, आणि टाळ्याशिट्ट्यांनी हॉल दणाणला. पांढऱ्या टोपीतल्या नायकाने लगेच गिटार घेऊन गाणं सुरू केलं. एमेट खुर्चीच्या कडेला सरकून बसला. शेरिफ आला आणि कुणालाही न विचारता थेट खिंडीकडे निघाला. वाक्य कापलं होतं.

"काय रे एमेट, वाक्य गिळलंस?" मागून कुणीतरी ओरडलं. एमेटही हसला. मग लिओटाकडे वळून म्हणाला, "घोडी मात्र झकास दिसली, नाही?"

ती उठून गेली.

त्यानंतर तिने कंपनीला घोडे दिले नाहीत. लोक म्हणाले, माज आलाय, हिच्यापायी कंपनी दुसरीकडे जाईल. भाडं बंद झालं, घोडे विकावे लागले. आता ती हॉटेलात त्याच सिनेमावाल्यांचे शर्ट धुते.

"सोडत का नाहीस गं त्याला?" मी एकदा विचारलं.

"मग गावही सोडायला हवं," ती शर्ट पिळत म्हणाली. "टाळ्या काय त्या एकट्याने वाजवल्या?"