शेवाळाचं बुड

आज फवारणीसाठी बाटलीचं बूच उघडलं आणि खारट, मासळीसारखा वास नाकात शिरला. कित्येक वर्षांपूर्वी हाच वास रिसोडकडच्या शिरपूरला आमच्या मळ्यात पहिल्यांदा आला होता. बाबा पालक कापत होते. औषधं विकणारा माणूस म्हणाला, "काका, हा समुद्रातल्या शेवाळाचा अर्क. फवारा, पालक जोमानं फुटेल."

बाबांनी बाटली हुंगली. "मासोळी तं नाही टाकली ना यात?"

"नाही हो. ओहोटीला लोक खडकावरचं शेवाळ कापतात. बुड ठेवतात, मग ते पुन्हा वाढतं. तुमच्या पालकासारखंच."

बाबांचा विळा थांबला. ओल्या देठांच्या हिरव्या वासात तो खारट वास मिसळत होता.

"हे वावर माह्यं हाय म्हून मी बुड ठेवतो. समुद्र कोनाचा हाय? तिथं बुड कोन ठेवून राह्यलं?"

तो माणूस हसला. मीही हसलो. बाबांनी समुद्र कधी पाहिलाही नव्हता. बाटली त्यांनी घेतली नाहीच.

आता रिसोडच्या दुकानात याच बाटल्यांची खोकी छतापर्यंत रचलेली असतात. काल घेताना मी दुकानदाराला विचारलं, "बुड ठेवतात ना?"

त्याला प्रश्नच कळला नाही.