दहा कांड्यांचा गेम

माझ्याकडे सात जुने व्हिडिओ गेम आहेत आणि सातही चालतात. त्यांपैकी एकाचीही मी मालकाने सांगितलेली किंमत दिलेली नाही. माझा धंदाच जुन्या यंत्रांचा. कळमेश्वरच्या कारखान्यांतून निघालेल्या मोटारी, पंप, कॉम्प्रेसर उचलायचे, दुरुस्त करायचे, विकायचे. मला कोणी दुकान लावून दिलं नाही, कोणी जामीन राहिलं नाही. जे मिळवलं ते या तोंडाने मिळवलं. त्याच तोंडामुळे दोन भागीदार सोडून गेले, पण त्यात चूक त्यांची होती.

रविवारी दुकान बंद असतं. सकाळी चहा झाला की मी वरच्या खोलीत जातो, डबा टीव्ही सुरू करतो आणि खेळत बसतो. मुलगी म्हणते, "बाबा, हे सगळे गेम फोनमध्ये फुकट मिळतात." मी तिच्या हातात प्लॅस्टिकची बंदूक देतो आणि सांगतो, आपल्या हॉलमधल्या पातळ टीव्हीवर याने एक बाटली फोडून दाखव. फुटत नाही. ती बंदूक फक्त जुन्या काचेच्या टीव्हीवरच चालते. मुलगी हरते, मी जिंकतो, आणि खालून बायको ओरडते की बारा वाजले.

पण मला हवा होता तो आठवा. तो विकत घेता येईल असं मला कधी वाटलं नव्हतं, कारण तो आमच्या जुन्या वस्तीतल्या शेजारच्या काकूंकडे होता आणि काकूंशी माझं तीस वर्षांपासून भांडण होतं. म्हणजे माझ्या बाजूने होतं. त्यांना बहुतेक माहीतही नव्हतं.

आमची वस्ती विणकरांची. मी लहान होतो तेव्हा एकेक घरातले हातमाग मोडीत निघत होते. काकूंच्या घरातलाही विकला गेला, पण ज्या खड्ड्यात पाय सोडून काका विणायला बसत, तो खड्डा खोलीत तसाच राहिला. काकूंनी त्याच्यासमोर स्टुलावर टीव्ही ठेवला आणि एक व्हिडिओ गेम आणला. आम्ही पोरं खड्ड्यात पाय सोडून काठावर बसायचो. गुडघे मोकळे, पाठ ताठ. खेळायला त्याहून चांगली बैठक मी आजपर्यंत पाहिली नाही.

पैसे द्यायचे ते तासाचे नाहीत, कांड्यांचे. शेजारच्या दोन घरांत माग अजून चालू होते. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या काकू त्यांना भरून द्यायच्या. त्याच खोलीत, दाराजवळ, चरखा घेऊन. एका पोराची पाळी म्हणजे दहा कांड्या. दहावी भरली की काकू बसल्या जागेवरून हात लांब करून बोर्डावरचं बटण बंद करायच्या. वर काही बोलायची सोय नव्हती. काकूंचा मूड चांगला असला की चरखा हळू फिरायचा. त्यामुळे त्यांची सून आली की नाही, भाजी जळली की नाही, यावर आमचं सगळं लक्ष असायचं.

त्या मशीनवर दोन सैनिकांचा एक गेम होता, एक लाल, एक निळा. आठ स्टेज. आठवी कोणी पाहिली नव्हती. एका उन्हाळ्यात, दुपारी, मी आठवीच्या दारात पोचलो. मागे पंधरा पोरं श्वास रोखून उभी. शेवटचा राक्षस पडद्यावर यायला लागला, त्याचे फक्त पाय दिसले, आणि टीव्ही काळा झाला.

काकूंनी बटण बंद केलं होतं. नवव्या कांडीला. मी मोजत होतो. तेव्हापासूनच मला मोजायची सवय आहे.

मी रिमोट खड्ड्यात फेकला आणि त्या उन्हाळ्यापुरता मला त्या घरात मज्जाव झाला. पुढच्या उन्हाळ्यात दुसरीकडे चार गेम लावलेलं दुकान निघालं आणि काकूंनी आपला गेम बांधून माळ्यावर टाकला. शेवट फोनवर पाच मिनिटांत पाहता आला असता. मी पाहिला नाही. मला तो त्याच मशीनवर हवा होता, कारण दहावी कांडी माझी बाकी होती.

मागच्या हिवाळ्यात कळलं की काकूंच्या त्या खोलीत फरशी बसवायची आहे, म्हणून त्या जुनं सामान काढत आहेत. मी गाडी काढली.

सौदा करायला गेल्यावर जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचं नसतं, हा माझा पहिला नियम. काकू आता पार वाकल्या आहेत, पण डोळे तसेच. मी पाण्याच्या मोटारीचं झाकण उघडून पाहिलं, लोखंडी पेटी ठोकून पाहिली, आणि निघता निघता विचारलं, "आणि तो गेमचा डबा? तोही न्यायचा का भंगारात?"

"त्याच्यासाठीच आला नं गा तू?" काकू म्हणाल्या.

"छे! माझ्याकडे सात पडले आहेत."

"मंग आठवा कायले पाहिजे?"

मी विषय बदलला. त्यांनी दोन हजार सांगितले. मी तीनशे. त्या हसल्या, मी तापलो. म्हणालो, "काकू, मेलेली वस्तू आहे. तीस वर्षं माळ्यावर होती. आतमध्ये झुरळांनी संसार केला असेल."

"लावून पाह्य नं मंग. तोंड चालवाले तुले कोणी लागत नाही."

त्यांचा डबा टीव्ही अजून चालू होता, मालिका पाहायला. मी गाडीतून स्पिरिट आणि कापूस आणला, कॅसेटचे दात पुसले, वायर जोडली. पडदा थरथरला आणि तेच संगीत वाजलं. माझ्या तोंडून "आहा!" निघून गेलं. वस्तूची तारीफ करायची नाही, हा माझा दुसरा नियम. तो तिथेच मोडला.

सावरून मी म्हणालो, "चालतंय, पण दुसरा रिमोट मेला आहे. पाचशेच्या वर एक पैसा नाही."

"काहून मेला? चांगला हाय तो." काकूंनी खड्ड्यावरची फळी सरकवली, काठावर बसल्या, पाय आत सोडले आणि दुसरा रिमोट उचलून बटण दाबलं. पडद्यावर निळ्या सैनिकाने उडी मारली.

काकू थांबल्या. पुन्हा दाबलं. पुन्हा उडी.

"हा मी होय?"

"हो."

"मी उडून राहिली?"

मला तेव्हा कळलं की इतकी वर्षं त्या खोलीत बसून या बाईने एकदाही रिमोट हातात घेतला नव्हता. चरख्यावर दोन्ही हात गुंतलेले, आणि गेम म्हणजे पोरांची वस्तू. मी विचारलं तर म्हणाल्या, "तुमी लोकं उठतच कवा होते?"

माझ्यातल्या व्यापाऱ्याने त्या वेळी वायर काढायला हवी होती. पण मी शेजारी बसलो. त्यांना पळायचं कसं, झोपायचं कसं, गोळी कुठून येते, हे सांगत बसलो. त्या पहिल्या स्टेजलाच आठ वेळा मेल्या. मात्र नवव्या वेळी पुढची गोळी येण्याआधीच वाकल्या. मी विचारलं, कसं कळलं? म्हणाल्या, "तीन खाली, एक वर, मंग दोन खाली. लुगड्याच्या किनारीवानी हाय हे. एकदा ध्यानात आलं की हात आपोआप चालते." मी हे वर्षानुवर्षं खेळतो आहे, मला गोळ्या दिसल्या होत्या, किनार कधी दिसली नव्हती.

मूड चांगला पाहून मी ते काढलं. "काकू, त्या दिवशी तुम्ही मले नवव्या कांडीले बंद केलं होतं."

"कोन्त्या दिवशी?"

मी सगळं सांगितलं. राक्षसाच्या पायांसकट.

"दहा झाल्या होत्या," काकू म्हणाल्या. अजिबात आठवावं लागलं नाही त्यांना. "सातवीचं सूत तुटलं होतं. गाठ मारून परत भरली मी. त्या दोन झाल्या."

"एक कांडी दोन कशी होईल?"

"येळ तर दोनचा गेला नं माझा?"

"तुटलं तुमचं सूत, माझा काय गुन्हा?"

"माझं सूत तुटलं तेवढा येळ तू खेळला का नाही? का टीव्ही तुटला होता?"

मी मोठ्यांदा भांडलो. त्या त्याहून मोठ्यांदा भांडल्या. सून चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. मी म्हणालो, फार तर अर्धी कांडी. त्या म्हणाल्या, कांडी अर्धी नसते, भरते तरी नाहीतर नाही. तीस वर्षं ज्याच्यावर मी जळत होतो, ते एक गाठ मारलेलं सूत होतं, आणि तेही त्यांनी नीट मोजलं होतं.

मी पाकीट काढलं. "चला, हजार. तुमचं ऐकलं."

"विकाचं नाही आता."

"दोन हजार म्हटलं होतं तुम्ही!"

"तवा मले येत नव्हतं."

मी दोनचे अडीच केले, अडीचचे चार. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याने न मागता भाव चढवत होतो, आणि समोरची बाई माझ्याकडे न बघता दुसऱ्या स्टेजचा पूल ओलांडत होती. शेवटी म्हणाल्या, "ऐतवारी येत जा. एकटीनं मजा नाही येत."

म्हणून माझे रविवार आता तिथे जातात. फरशीचं काम काकूंनी लांबवलं आहे. बायकोला वाटतं मी मोटारीचा सौदा करतो आहे. काकू आठवडाभर सराव करतात आणि मला सांगत नाहीत. सून सांगते. तिसऱ्या आठवड्यात त्या चौथ्या स्टेजला माझ्यापुढे पळत होत्या आणि "मागं काहून राहून राहिला?" म्हणून मला दम देत होत्या.

मागच्या रविवारी आम्ही आठव्या स्टेजला पोचलो. माझे तीन जीव शिल्लक, त्यांचा एकही नाही. त्या गेममध्ये एक सोय आहे: आपले जीव संपले की बटण दाबून जोडीदाराचा घेता येतो. त्याची परवानगी लागत नाही. मी ही सोय त्यांना मुद्दामच शिकवली नव्हती. राक्षस पूर्ण वर आला. या वेळी मला त्याचे पाय दिसले, पोट दिसलं, डोकंही दिसलं. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. तेवढ्यात निळा सैनिक पुन्हा उभा राहिला.

"काकू! माझा जीव घेतला तुम्ही?"

"तू काय करत होता त्याचं? नुसता पाहूनच राहिला होता."

पुढच्या मिनिटात त्यांनी आणखी एक घेतला. माझा उरलेला शेवटचा मी स्वतःच घालवला, कारण मी पडद्याकडे नाही, त्यांच्याकडे बघून ओरडत होतो. मग त्या एकट्या होत्या. तीन खाली, एक वर, दोन खाली. राक्षस फुटला. पडद्यावर समुद्र आला, सूर्य उगवला, बोट किनाऱ्याला लागली आणि तिच्यातून एकच सैनिक उतरला. निळा.

"पाह्यला नं शेवट?" काकू म्हणाल्या. "झालं समाधान?"

अजिबात नाही. त्यांनी मारला, पण माझ्या दोन जीवांवर मारला. मी हे त्यांना तिथेच सांगितलं, सुनेला साक्षीदार केलं, आणि म्हणालो की हे धरायचं नाही, पुढच्या रविवारी पहिल्यापासून. काकू म्हणाल्या, "ये. पण लाल मी घेईन."

लाल मी देणार नाही. यावर अजून बोलणी चालू आहेत.