ताईंनी परत आणलेली रायफल

"अंदाजे म्हणजे किती?"

हा प्रश्न ताई सगळ्यांना विचारायच्या. भाजीवाला म्हणाला, "अम्मा, अंदाज़न पाव किलो होगा," की त्यांनी पिशवी मागे घेतलीच. डॉक्टरांनी थोडे दिवस पथ्य करायला सांगितलं, तर डायरी उघडून त्यांच्याकडून दिवसांचा आकडा वसूल करायच्या. एकदा आमच्याकडे पूजेला येणारे गुरुजी म्हणाले, "साधारण अकराच्या सुमारास येतो." ताईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी गुरुजी पावणेअकरालाच फाटकाशी हजर!

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. आमच्या ताईंना ही सवय कामातून लागली होती. भोपाळच्या मोठ्या कारखान्यात त्या ड्रॉइंग ऑफिसात होत्या आणि मी टूलरूममध्ये. त्यांच्या हातचं ड्रॉइंग आलं की आम्ही टूलरूमवाले निर्धास्त असायचो. इंद्रपुरीत आमची घरं शेजारीशेजारी. त्या माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही. आई होती तोवर दोघी, नंतर एकट्याच.

त्या निवृत्त झाल्यावर वर्षभराने एका सकाळी फाटकाशी येऊन म्हणाल्या, "आज तुला सुट्टी आहे ना? स्कूटर काढ. जुन्या शहरात जायचंय."

"काय आणायचंय ताई?"

"बंदूक."

माझ्या हातातला चहा सांडला. त्यांनी पिशवीतून एक पिवळी पडलेली पुस्तिका काढली. त्यांच्या वडिलांच्या शस्त्र परवान्याची. आत रायफलचा नंबर लिहिलेला होता.

त्यांचे वडील वनखात्यात होते. राज्याची दफ्तरं नागपूरहून भोपाळला आली तेव्हा तेही बायको आणि लहानग्या मुलीला घेऊन इकडे आले, टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरात. सातपुड्याच्या जंगलात असताना त्यांनी देश सोडून जाणाऱ्या कुणा गोऱ्या साहेबाकडून ती रायफल घेतली होती. अमेरिकी बनावटीची, जुन्या धाटणीची शिकारी रायफल. तिच्या घोड्याभोवती एक लोखंडी कडी असते. ती खाली ओढली की आतलं काडतूस वर येतं, आणि कडी परत मिटली की रायफल तयार. ओढताना 'खट्' आणि मिटताना 'खटाक'. दर रविवारी सकाळी वडील व्हरांड्यात बसून ती साफ करायचे आणि शेवटी एकदा कडी ओढून मिटायचे. तो आवाज झाला की आई पोहे वाढायला घ्यायची.

एवढं ताईंनी मला स्कूटरवर मागे बसून, माझ्या कानाशी ओरडत सांगितलं. रायफल घरातून गेली कशी, हे मात्र सांगितलं नाही.

पुस्तिकेवर ज्याचा शिक्का होता, जुन्या शहरातल्या त्या बंदुकीच्या दुकानात ताईंनी ती समोर ठेवली. दुकानदाराने आतून जाडजूड वह्या आणवल्या, धूळ झटकली आणि तासाभराने एका ओळीवर बोट ठेवलं. चाळीस वर्षांपूर्वी ती रायफल रायसेनच्या बाजूला एका गावच्या ठाकूरसाहेबांनी घेतली होती.

"अब तो पता नहीं होगी भी कि नहीं, मैडम."

"होगी," ताई म्हणाल्या. "लोहा कहाँ जाएगा?"

पुढच्या सुट्टीला आम्ही त्या गावी गेलो. ठाकूरसाहेब ऐंशीच्या पुढचे, ओसरीत खाटेवर बसलेले. परवाना ते दर वेळी नेमाने नवा करून घेत, पण रायफल धान्याच्या कोठीत गोणपाटात गुंडाळून पडली होती. गड्याने ती आणून खाटेवर ठेवली. नळी गंजून तांबूस झालेली. लाकडी दस्त्याला भेग जाऊन त्यावर तांब्याची तार करकचून बांधलेली. कडी जागची हलत नव्हती.

ताईंनी पदराने नंबरावरची माती पुसली. एकेक आकडा पुस्तिकेशी ताडून पाहिला. मग तळहात दस्त्यावर ठेवून तशाच बसून राहिल्या.

"ये तो चलती नहीं, बहनजी. क्या करेंगी?"

"ठीक करूँगी."

"शिकार तो कब की बंद हो गई."

"मालूम है."

ठाकूरसाहेबांनी गोणपाट ताईंकडे सरकवलं. मग म्हणाले, "मेरे लड़के तो इसे कबाड़ में दे देंगे. आप काग़ज़ बनवा लीजिए. आपकी हुई."

आपली झाली म्हणणं सोपं, पण कागद व्हायला दोन वर्षं लागली. तोवर रायफल कायद्याप्रमाणे दुकानात जमा राहिली. परवान्याच्या अर्जात शस्त्र कशासाठी हवं, असा रकाना होता. लोक तिथे आत्मसंरक्षण लिहितात, शेतकरी पिकाची राखण लिहितात. ताईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पिताजी की है.' अर्ज परत आला. त्यांनी नवा अर्ज भरला आणि तेच लिहिलं. शेवटी मोठ्या साहेबांनी बोलावून विचारलं, "मैडम, इस उमर में किसको मारेंगी?"

"किसी को नहीं. मैंने आज तक छिपकली नहीं मारी."

साहेब हसले म्हणे. पण फाईल पुढे सरकली.

मग चौकशीला एक हवालदार आमच्या घरी आला. शेजारीण कशी आहे? भांडखोर? रागीट? माझी बायको म्हणाली, "ग़ुस्सा आता है, लेकिन सिर्फ़ भाजीवाले पर." हवालदाराने ते लिहून घेतलं की नाही, देव जाणे.

परवाना आला त्या दिवशी ताईंनी गल्लीत पेढे वाटले. कशाचे, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "बाबा घरी येताहेत." नवीन राहायला आलेल्या एका बाईंनी गंभीरपणे विचारलं, "कुठून?"

पण बाबा घरी यायला अजून वेळ होता. त्या दुकानामागच्याच गल्लीत दुकानाचे जुने कारागीर बसत. वय सत्तरीचं, दाढी मेंदीने रंगलेली, बोटं बारीक आणि तेलकट. बंदूक दुरुस्तीचा परवाना त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला. रायफल पाहून म्हणाले, "आपा, लकड़ी नई लगा देता हूँ, लोहा चमका देता हूँ. पहचान नहीं पाएँगी."

"भाईजान, पहचानने के लिए ही तो लाई हूँ."

मग नवीन लाकूड नको, झगझगीत पॉलिश नको, असं ठरलं. गंज तेवढा हलक्या हाताने उतरवायचा आणि भेग सांधायची. दस्त्याच्या डाव्या अंगाला एक खोलगट खूण होती, जंगलात वडिलांची जीप उलटली तेव्हाची. तिला हात लावायचा नाही, असं ताईंनी बजावलं. दर मंगळवारी त्या बसने जाऊन कारागिरांच्या शेजारी स्टुलावर बसत आणि दस्त्याला जवसाचं तेल चोळत. एक थर मुरला की दुसरा. "जवसाची चटणी खाणारी माणसं आम्ही," त्या म्हणायच्या, "लाकडाला तरी दुसरं काय देणार?"

कडी का हलत नाही, ते रायफल उघडल्यावर कळलं. काडतूस वर उचलणारा आतला छोटा तुकडा मोडला होता आणि तसला भाग आता कुठे मिळत नव्हता. कारागीर म्हणाले, "बना दूँगा. अंदाज़े से बैठ जाएगा."

मी त्या दिवशी तिथे होतो. मी डोळेच मिटून घेतले.

"अंदाज़े से मतलब कितना?"

ताईंनी माझ्याकडून व्हर्नियर, म्हणजे केसाएवढं माप घेणारी आमची पट्टी, मागून नेला, मोडक्या तुकड्यांची मापं घेतली आणि तीन दिवस खपून घरी ड्रॉइंग काढलं. वरून, बाजूने, समोरून. निवृत्तीनंतरचं त्यांचं ते एकमेव ड्रॉइंग. घेऊन गेल्या तर कारागिरांनी तुकडा बनवून ठेवलेला, नुसत्या नजरेने! ताईंचा चेहरा पडला. त्यांनी व्हर्नियर काढला, तुकडा मोजला, कागदाकडे पाहिलं, परत मोजला. कुठेही केसाचा फरक नव्हता.

"भाईजान," त्या हळूच म्हणाल्या, "आपका अंदाज़ा चलेगा."

म्हाताऱ्याने ते ड्रॉइंग मागून घेतलं आणि भिंतीवर आपल्या वालिदांच्या फोटोखाली लावलं. अजून आहे तिथे.

तुकडा बसवायचा त्या दिवशी मीच ताईंना स्कूटरवरून नेलं होतं. तुकडा बसवला, पिना ठोकल्या. कारागिरांनी कडी खाली ओढली आणि मिटली. खट्. खटाक.

ताई म्हणाल्या, "फिर से."

त्यांनी पुन्हा केलं.

"फिर से."

तिसऱ्यांदा त्यांनी रायफल ताईंच्या मांडीवर ठेवली. "अब आप." ताईंनी बोटं कडीत घातली. ती सहज मावली. त्यांनी कडी ओढली, मिटली, आणि मान खाली घालून बसल्या. म्हाताऱ्याला काय वाटलं कोण जाणे, ते चहा सांगायला म्हणून बाहेर निघून गेले.

परतताना तलावाकाठी त्यांनी स्कूटर थांबवायला लावली. कठड्याला टेकून उभ्या राहिल्या आणि पाण्याकडे बघत बोलल्या.

"मी नऊ वर्षांची होते. बाबांना म्हटलं, मला शिकवा. माझी बोटं कडीपर्यंत पोचेनात. ते म्हणाले, हात पुरायला लागला की शिकवीन. मी रोज बोटं ताणून बघायचे. पुढे हात पुरायला लागला, पण त्यांच्या ते लक्षात आलं नाही. मीही आठवण दिली नाही. म्हटलं, त्यांना आपणहून आठवू दे."

"मग?"

"मग ते गेले. मी नुकती कारखान्यात लागले होते. बंदूक कायद्याप्रमाणे त्याच दुकानात जमा होती. दुकानवाल्याने विचारलं, ठेवायची की विकायची? आईला हिंदी कागद समजत नव्हते. तिने मला विचारलं. मी म्हटलं, विकून टाक, लोखंड घरात ठेवून काय करायचं? मीच म्हटलं रे. रागाने. मेलेल्या माणसावर राग धरून बसले होते. आईने ती विकली, आणि त्यानंतर कधी रविवारी तिने पोहे केले नाहीत."

बोटी परत काठाला लागत होत्या. त्या सगळ्या लागेपर्यंत आम्ही तिथे उभे होतो.

रायफल घरी आली. कुलपाच्या लोखंडी कपाटात राहिली. कारागिरांनी कुठूनतरी तिची जुनी काडतुसं मिळवून देतो म्हटलं, पण ताईंनी नको म्हणून सांगितलं. रविवारी सकाळी आमच्या भिंतीपलीकडून दोन आवाज यायचे, आणि थोड्या वेळाने मोहरी तडतडल्याचा वास. माझी बायको म्हणायची, "ताईंचे बाबा उठले." तीन वर्षं असं चाललं. तेवढा काळ मी त्यांना सुखी पाहिलं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तरी कधी कधी संध्याकाळी त्या अंगणात उभ्या असायच्या आणि हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. वस्तू परत आणता येते, वेळ कुठून आणणार?

मग निवडणूक आली. निवडणुकीत निकाल लागेपर्यंत सगळ्या परवानेदारांना हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. आम्ही गेलो तेव्हा ठाण्यासमोर मोठी रांग होती. मिशांना पीळ दिलेले, खांद्याला बंदुका अडकवलेले पुरुष, आणि त्यांच्यात सुती साडीतल्या आमच्या ताई, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली रायफल कवेत घेऊन. लोकांनी "अम्मा, आप आगे आइए" म्हणत वाट करून दिली. शिपायाने रायफल घेतली, पावती दिली. ताई पायऱ्या उतरताना मला म्हणाल्या, "दीड महिना काढायचा."

भाऊबीजेला त्यांनी मला ओवाळलं. चार दिवसांनी दुपारी त्या झोपल्या त्या उठल्याच नाहीत. कारागिरांना मी जाऊन सांगितलं. ते दुकानाला कुलूप लावून स्मशानापर्यंत आले आणि सगळे निघून गेल्यावरही बाकावर बसून होते.

निकाल लागला आणि हत्यारं परत द्यायला सुरुवात झाली. ताईंची रायफल मला कुणी देणार नव्हतं. त्यांना जवळचं कुणी नव्हतं आणि माझ्याकडे परवाना नव्हता. तरीही त्या सकाळी मी ठाण्यावर गेलो, समोरच्या चहाच्या टपरीपाशी उभा राहिलो. एकेक माणूस आत जाई, आपली बंदूक घेऊन बाहेर येई, मोटरसायकलला किक मारी. दुपारपर्यंत रांग सरली. शिपायाने अर्धं दार लोटून घेतलं आणि उन्हात खुर्ची टाकून बसला.

"आपका भी कुछ जमा है क्या, भाईसाब?" त्याने विचारलं.

मी नाही म्हटलं, आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो.