हरभऱ्याचा फेस

औंढ्याचा महिपती लोणावळ्यात पावाच्या भट्टीवर कामाला आहे. ताडी घाटाखालून गाडीने येते. तिच्यावर फेस धरतो, तो मैद्यात मळला की पाव फुगतो. बाकीचे कामकरी ताडी चाखून पारखतात. महिपती माळकरी, तो मडक्याला कान लावतो आणि आतली चुरचुर ऐकून सांगतो, झाली की नाही. त्याच्या जोडीचा सोपान येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "आमचा महिपती ताडी पीत न्हाई, निस्ती ऐकतो."

गेल्या पौषात माझ्या सासूबाई विषमज्वरातून उठल्या. भाकरी पचेना, पेजेची शिसारी बसलेली. डॉक्टर म्हणाले, दुधात पाव कुस्करून द्या. सासूबाई टाकव्याच्या, लहानपणापासून माळकरी. पावात ताडी असते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. अंगात नुसती हाडं राहिली होती.

एकादशीला आमच्याकडे भजन असतं, महिपती टाळ धरायला येतो. त्याच्या कानावर हे गेलं तेव्हा म्हणाला, ताडीवाचून पाव करून बघतो. हरभरे भरडून ऊन पाण्यात घालायचे आणि मडकं घोंगडीत गुंडाळून भट्टीच्या उबेला ठेवायचं, की पहाटे फेस येतो. वास उग्र, पाव बसका. पण सासूबाई खाऊ लागल्या. घास घेण्याआधी रोज विचारायच्या, "हरभऱ्याचाच न्हवं?" तो म्हणे, "व्हय, मावशी."

एके दिवशी पाव लोण्यासारखा मऊ आला. सासूबाईंनी विचारलं, तो व्हय म्हणाला, आणि चहालाही न थांबता गेला. त्यांनी पहिल्यांदाच सगळा पाव संपवला. मी देवाला साखर ठेवली.

पुढच्या एकादशीला महिपती भजनाला आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाव घेऊन आला, तो गळा मोकळा. माळ कोणी उगाच उतरवत नाही. सासूबाईंनी विचारलं, माळ कुठे?

तो दारातच उभा राहिला. "इठोबाम्होरं ठिवली. त्या दिशी थंडीनं फेस धरला न्हाई, मावशी. तुमी उपाशी ऱ्हाल म्हनून भट्टीतला, ताडीचा आनला. आन् तुमी इचारल्यावर व्हय म्हनलो."

मला वाटलं, आता या पाणीसुद्धा टाकतील.

"पयल्या घासालाच कळलं हुतं मला," त्या म्हणाल्या. "हरभरा कुटं येवढा फुगतो? भूक लागलीवती. गिळला."

मग त्यांनी आपलीही माळ काढली आणि मला देवाजवळ ठेवायला सांगितली. मी ठेवली. त्यांच्या मानेवर माळेचा पांढरट वळ उमटलेला होता, तो बघवेना.

महिपती रोज हरभऱ्याचा पाव आणत राहिला. त्या विचारीनाशा झाल्या. मग पुन्हा कडाक्याची थंडी पडली आणि एका सकाळी तो रिकाम्या हाताने आला.

"आज फेस आला न्हाई, मावशी."

"बरं," त्या म्हणाल्या. घोटभर दूध घेतलं आणि पडून राहिल्या. तो निघाला तशी हाक मारली. "मला जरा चालवंल तवा माळ घालनाऱ्या म्हाराजांकडं जाऊ. दोघं बी सांगू, आन् दोघं बी परत घालून घिऊ."

तसं झालं. माळ आता दोघांच्याही गळ्यात आहे. भजनात महिपती मात्र उंबऱ्यापाशीच बसतो. आत या म्हटलं तर म्हणतो, "हितंच बरं हाय, वैनी."