देवामागची किल्ली

वाशीच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये मी गुडघ्याला शेक घ्यायचे, तेव्हा शेजारच्या पलंगावर ते असायचे. सत्तरीचे, मान आखडलेले. नाव मी कधी विचारलं नाही. मोबाइल छातीवर ठेवून सारखे मान उचलून त्याच्याकडे बघायचे.

"काका, मान हलवू नका. शेक वाया जातोय."

"ब्राझीलमध्ये आता सकाळ झाली असेल," ते म्हणाले.

मुलगी तिकडे. घरफोड्यांच्या भीतीने जावयाने परवाना काढून पिस्तूल घेतलं. तेव्हा नियम सैल होते. आता पुन्हा कडक झालेत, पण घेतलेलं घरातच आहे.

"कुलपात असेल ना?"

"एकदम कायदेशीर. जाड लोखंडी कपाट. आणि किल्ली देव्हाऱ्यात, गणपतीच्या मागे. आपल्याकडे ठेवतात तशी."

"मग टेन्शन कसलं?"

"रोज सकाळी देवाला फुलं नात वाहते. बालवाडीत आहे."

"मुलीला सांगा की किल्ली हलवायला."

"सांगून दमलो. म्हणते, बाबा, जागा बदलली तर मलाच सापडणार नाही."

तेवढ्यात फोन वाजला. "आजोबा, फुलं वाहिली!" मलाही ऐकू आलं. त्यांनी डोळे मिटले आणि मान पहिल्यांदा उशीवर नीट टेकवली.

"झालं," ते म्हणाले. "आजचं झालं."

घरी येऊन मी आमच्या गणपतीमागची कपाटाची किल्ली काढली. आत नुसत्या साड्या आहेत. तरी ती हातात घेऊन घरभर फिरले, आणि शेवटी होती तिथेच ठेवली.