तिळगूळ खाल्ल्यावर

भाजल्या तिळांचा खमंग वास आला की नारायण पेठेतल्या आमच्या घरमालकीण काकू आठवतात. आम्ही काबूलहून जीव वाचवून आलेलो. ‘हे परदेशी इमारतीत नकोत,’ म्हणून सोसायटीने सभा बोलावली, तीही नेमकी संक्रांतीला. काकूंनी माझ्या आईला दारात उभं केलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला तिच्या हातून तिळगूळ द्यायला लावला. सगळ्यांनी खाल्ला. मग सेक्रेटरी बोलायला उठले. काकू म्हणाल्या, “अहो, तिळगूळ गिळलात ना? यांचे कागद पोलिसांनी तपासलेत, घर माझं आहे. आता काय ते गोड बोला!” सेक्रेटरी खाली बसले. त्याच घरात मी शिकले. आई अजून काकूंसाठी दुवा मागते. आज माझ्या सोसायटीत नव्या सुदानी कुटुंबावरून सभा आहे. संक्रांत नाही, तरी मी तीळ भाजायला घेतलेत.